‘शांताराम’ : बंदरावरच्या वाचनालयात फिरून फिरून उसवलेल्या प्रतीचा अनुभव

शेवटी पाठ उसवलीच. गणपतीच्या आधी पुस्तक परत आलं ते दोन तुकड्यांत, मधल्या पानांचा गठ्ठा वेगळा आणि वर रबरबँड. आणून देणारा खलाशी काही बोलला नाही, दंडाचे पैसे हातात काढून उभा राहिला. दंड घेतला नाही. कोकणातल्या हर्णै बंदराच्या खाऱ्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, एवढं जाड कुठलंही पुस्तक इतक्या हातांतून फिरलं की त्याचं हेच होतं.

पुस्तकाची नव्याने ओळख करून देत नाही. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्सची २००३ ची कादंबरी, अपर्णा वेलणकरांचा मराठी अनुवाद. ऑस्ट्रेलियातल्या पेन्ट्रिज तुरुंगातून १९८० साली पळालेला लेखक मुंबईत आला, आणि त्याच आयुष्याच्या आधारावर त्याने लिन हा नायक उभा केला. हा लिन कफ परेडच्या झोपडपट्टीत दवाखाना चालवतो आणि पुढे खादरभाईच्या टोळीत शिरतो. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. एक प्रत आमच्या छोट्या वाचनालयात महिनोनमहिने कशी वापरली गेली आणि त्यात पुस्तकाबद्दलचं माझं मत कसं बदलत गेलं, ते मला सांगायचं आहे.

आधी जाडीबद्दल, कारण माझा सगळ्यात मोठा राग तिच्यावर आहे. इंग्रजी मूळ नऊशे पानांच्या वर, मराठीही त्याच अंगाचं. असं पुस्तक ज्याच्या घरी टेबल-खुर्ची आहे त्याच्यासाठी ठीक. आमचे वाचक वेगळे आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या, जाळी विणायचं काम चाललेलं, आणि दुपारी खलाश्यांना वेळ असतो. तेच आमचे हक्काचे वाचक. ते पडवीत आडवे पडून वाचतात, आणि आडवं पडून हे पुस्तक छातीवर धरवत नाही. दापोलीला एसटीने कॉलेजला जाणारी एक मुलगी ते पहिल्याच आठवड्यात परत घेऊन आली, म्हणाली, "ताई, डबा ठेवू की हे ठेवू?" मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना ते उचलायलाच मनाई. म्हणजे घ्यायला सगळे उत्सुक आणि पेलायला कुणी नाही. त्यात एक वाचक महिना महिना घेऊन बसला की बाकीचे ताटकळणार. सरकारी वर्गवारीत शेवटच्या, ड वर्गातलं वाचनालय, अनुदान हप्त्यांनी येतं, दुसऱ्या प्रतीचा विचारही करता येत नाही. एवढी मोठी कादंबरी पहिल्यापासून दोन-तीन खंडांतच छापायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

पाठ उसवल्यावर आमच्या बाइंडिंगवाल्या काकांकडे नेलं. जुजबंदी, म्हणजे पानांच्या घड्यांतून दोरा घालून शिवण, जमणार नाही, पानं सुटी झाली आहेत, म्हणाले. मग मीच म्हटलं, तीन भाग करा. त्यांनी पाठीवरचा जुना डिंक तासून काढला, तीन गठ्ठे पाडले, प्रत्येकाला कडेने भोकं पाडून दोऱ्याचे टाके घातले, वर पुठ्ठा आणि कापडी पाठ. खळीत मोरचूद घातला, कसर लागू नये म्हणून. काम चोख झालं. एकच दोष राहिला, टाके कडेने असल्यामुळे आतल्या समासालगतचे शब्द दिसायला पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडावं लागतं. जाळ्यावर काम करणाऱ्या हातांना त्याचं काही वाटत नाही, पण आजोबांना त्रास होतो.

तीन भाग झाले आणि एकाच वेळी तिघं वाचू लागले. मग कळलं की या पुस्तकात लोकांना काय हवं आहे.

पोरं भाईगिरीसाठी वाचतील अशी मला धास्ती होती. म्हणून सुरुवातीला शाळा नुकतीच सुटलेल्या मुलांना द्यायला मी का कू करत असे. तिसरा भाग, म्हणजे अफगाणिस्तानची मोहीम आणि नंतरच्या मारामाऱ्या, कपाटात कोरा करकरीत पडून आहे. दुसऱ्याला, म्हणजे आर्थर रोड तुरुंग, सोनं, परकीय चलन, खोटे पासपोर्ट यांच्या भागाला, बरी मागणी आहे. पण पहिल्या भागाचा पुठ्ठा आत्ताच कोपऱ्यांवर सोलला आहे. त्यात कुलाब्याचं लिओपोल्ड कॅफे आहे, लिन जिच्या प्रेमात पडतो ती कार्ला आहे, पण पानं मळली आहेत ती लिनचा मुंबईतला वाटाड्या आणि दोस्त प्रभाकर याच्या गावाची आणि झोपडपट्टीची. लोक ते वाचतात आणि पुन्हा तेच मागतात.

का, ते त्या पानांतच दिसतं. पैसे लुटले गेल्यावर लिन प्रभाकरच्या आधाराने वस्तीत राहायला येतो, आल्याआल्या आग लागते, जवळ प्रथमोपचाराची पेटी असते म्हणून तो भाजलेल्यांना मलमपट्टी करतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दाराशी रांग लागते. वस्तीला कुणी वर काढत नाही, वस्ती स्वतःच स्वतःला सावरते. त्यात मुख्य माणूस लिन नाही, वस्तीचा म्होरक्या कासिम अली हुसेन आहे. दोन तरुण, एक हिंदू आणि एक मुसलमान, एकमेकांच्या धर्मावरून भिडतात. कासिम अली दोघांचे पाय घोट्याजवळ एकत्र बांधायला लावतो आणि वस्तीचे संडास साफ करायला पाठवतो. पोलीस नाहीत, भाषण नाही. एकाने पाऊल टाकायचं तर दुसऱ्यालाही टाकावं लागतं. बायकोला मारणाऱ्या दारुड्या जोसेफलाही वस्ती अशीच ताळ्यावर आणते, आणि शिक्षेत त्याच्या बायकोचा विचार आधी होतो. कॉलऱ्याच्या साथीत घराघरात पाणी पाजत फिरणारी माणसं वस्तीतलीच. टोळीच्या सगळ्या प्रकरणांपेक्षा मला हा भाग मोठा वाटतो.

आमच्या बंदरावरही दोन्ही समाजांच्या होड्या शेजारीशेजारी लागतात, संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात दोघांचे व्यवहार एकमेकांत अडकलेले असतात. बंदीच्या दिवसांत क्रिकेटवरून दोन पोरांची जुंपली, डोकं फुटेपर्यंत गेलं. पहिला भाग वाचलेल्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, दोन्ही घरच्यांना बोलावून सांगितलं, हे दोघं लिलावाची जागा एकत्र झाडतील, पाय बांधणार नाही पण झाडू एकच मिळेल. दोघं आले. काही दिवसांनी एक यायचा थांबला, दुसरा एकटाच झाडत राहिला. पुस्तकातल्यासारखी दोस्ती काही झाली नाही. पण पोलीस ठाण्यात कुणाला जावं लागलं नाही आणि दोन्ही घरांतलं बोलणं तुटलं नाही.

सगळ्यांना सगळंच आवडलं असं नाही. प्रभाकरच्या गावात नदीला पूर येतो, लिन जिवाच्या आकांताने सगळ्यांना सावध करायला धावतो आणि गावकरी मात्र पाणी कुठवर चढेल याच्या पैजा लावत बसलेले. आमच्याकडे माहेरपणाला आलेल्या चिपळूणच्या एका बाईंनी ते प्रकरण वाचून पुस्तक मिटून ठेवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. "नदी कुठं थांबणार हे पिढ्यानपिढ्या ठाऊक असलेलं गाव असेलही, आमचं ते राहिलं नाही," म्हणाल्या. चिपळूणच्या १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं २००५ ला भिजली आणि २०२१ ला पुन्हा भिजली. पुस्तकांच्या लगद्याचा वास ज्याने घेतला आहे त्याला त्या प्रकरणातली मजा पचणं कठीण, हे मला पटलं.

आता टोळी. इथे माझं मत पहिल्यापेक्षा कडक झालं आहे. खादरभाई वस्तीच्या दवाखान्याला औषधांची वाट करून देतो, कुष्ठरोग्यांच्या चोरट्या बाजारातून. लिन भारावून जातो, वाचकही जातो. त्यामागचा खादरभाईचा हिशोब पुढे उलगडतो, तो मी इथे सांगत नाही, पण उलगडल्यावरही लेखकाची त्याच्यावरची भक्ती ओसरत नाही. खादरभाई विश्व, चांगलं-वाईट, दुःख यांवर पानंच्या पानं बोलतो. ही पानं मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मला वाटलं की गुंडाला एवढी शाल पांघरायची काही गरज नव्हती.

आमचे एक वाचक काका लालबागच्या गिरणीत होते. गावच्या मंडळाची एक खोली, पाळीप्रमाणे झोपायचं, खाणावळीत जेवायचं, गावी मनीऑर्डर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांच्यासारखे कित्येक कोकणात परत आले ते कायमचे. जे परतले नाहीत त्यांच्या घरातली काही पोरं टोळ्यांनी उचलली. काकांनी दुसरा भाग परत करताना एवढंच सांगितलं, "आमच्या चाळीतल्या पोरांना तत्त्वज्ञान कुणी शिकवलं नाही. आधी पाकीट दिलं, मग हत्यार दिलं." कादंबरीतली मुंबई त्याच दशकातली, पण ती कुलाबा, कफ परेड, फोर्टच्या पट्ट्यात रमते. गिरणगावातून टोळीकडे जाणारी वाट तिला सापडलेली नाही. कोकणच्या वाचकाला ही उणीव टोचणारच, कारण ती पोरं आपली होती.

आणि किनाऱ्याचं काय? तस्करीचं सोनं मुंबईत चमकत असेल, माल उतरतो तो खाडीच्या तोंडाशी, काळोखात. ३ फेब्रुवारी १९९३ ला श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. बाणकोटची खाडी ओलांडली की तो किनारा सुरू होतो, आम्हाला परका नाही. २००८ च्या हल्ल्यानंतर तर मच्छिमारांना बायोमेट्रिक कार्डं आली, समुद्रात केव्हाही तपासणी. तोच झाडूवाला तांडेल दुसरा भाग वाचून म्हणाला, "भाईगिरी त्यांची, झडती आमची." खादरभाईच्या पैशाने वस्तीत औषध आलं हे खरं धरलं, तरी त्या पैशाची किंमत किनाऱ्यावर कुणी मोजली ते या नऊशे पानांत कुठेच नाही.

एवढं असूनही विकत घ्यावं का? घ्या, वाचनालयाने तर जरूर घ्यावं, फक्त आल्या आल्या बाइंडिंगला द्या, उसवायची वाट पाहू नका. तुकडे पाडताना वस्तीचं प्रकरण मधेच कापू नका, पहिला भाग थोडा जाड झाला तरी चालेल. पाठीला कापड लावा, रेक्झिन आमच्या हवेत चिकट होतं. टाके शक्य तितके कडेला घ्यायला सांगा. कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवा. पुढचा खंड ‘द माउंटन शॅडो’ २०१५ ला आला, त्याची मागणी एका वाचकाने वहीत लिहिली आहे. मी ती मंजूर केलेली नाही. तेवढ्या पैशांत पहिल्या भागाची दुरुस्ती होईल आणि आजोबांना वाचता येईल असं मोठ्या टायपातलं काहीतरी घेता येईल. पहिल्या भागासाठी सध्या वहीत पाच नावं आहेत, त्यांतली तीन बायकांची, आणि त्या सगळ्याजणी लिलावातल्या.