विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ ईएसआर : दोन वर्षांच्या वापरानंतर

अक्षरजुळणीच्या आमच्या छोट्या कार्यालयात विंडोज ७ चा एक संगणक अजून रोज सुरू होतो, कारण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेल्या पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली त्यावरच बिनचूक उघडतात आणि नवे ड्रायव्हर न मिळणारा स्कॅनरही त्यालाच जोडलेला आहे. त्याचा प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आय-३ असल्याने विंडोज ११ चा प्रश्नच उद्भवत नाही. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते.

खरी अडचण ब्राउझरची झाली. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली, आणि त्याच गाभ्यावर बांधलेले एजही तिथेच थांबले. हाच गाभा वापरून डेस्कटॉप ॲप्स बनवण्याच्या इलेक्ट्रॉन या साधनानेही २३ व्या आवृत्तीपासून विंडोज ७ वगळल्यामुळे, ब्राउझरशी वरवर काहीही संबंध नसलेली डेस्कटॉपवरची कित्येक ॲप्स एकामागोमाग बंद पडत गेली.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने वेगळी वाट धरली. जुलै २०२३ मधील ११५ ही आवृत्ती ईएसआर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या शाखेत ठेवून तिला सुरक्षा दुरुस्त्या पुरवल्या, आणि सप्टेंबर २०२४ ची पहिली मुदत संपत आल्यावर ती पुन्हा पुन्हा वाढवली. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तपासण्यासाठी फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगत असल्याने विंडोजच्या शिळ्या यादीमुळे येणारे इशारे आम्हाला दिसले नाहीत. इन्स्क्रिप्टने मराठी टंकलेखन सुरळीत होते, इमोजीही रंगीत दिसतात, कारण त्यांचा फॉन्ट ब्राउझरसोबतच येतो (अक्षरजुळणी करणाऱ्याला या गोष्टीचे जरा जास्तच कौतुक!).

तरीही ही नवी आवृत्ती नव्हे. सुरक्षेची डागडुजी होते, नव्या सोयी येत नाहीत. सीएसएस या पानांची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतील ‘:has’ ही सोय फायरफॉक्समध्ये १२१ व्या आवृत्तीत आली, त्यामुळे तिच्यावर विसंबलेल्या पानांची मांडणी इथे विस्कटते. एका ऑनलाइन अर्जातील पुढचा रकाना मला शेवटपर्यंत दिसलाच नाही आणि तो अर्ज दुसऱ्या संगणकावरून भरावा लागला. हा दोष ब्राउझरपेक्षा पानाच्या रचनाकाराचा अधिक आहे, असे माझे मत आहे, परंतु अर्ज अडतो तो आपलाच.

उतरवून घेताना ईएसआर ११५ हीच शाखा निवडावी, कारण पुढची ईएसआर १२८ विंडोज १० पासूनच चालते. अद्ययावत करणेही टाळू नये : ॲड-ऑनची (ब्राउझरला जोडायच्या छोट्या पूरक सोयींची) सत्यता तपासण्यासाठी लागणारे मोझिलाचे एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ रोजी कालबाह्य झाले, आणि ११५.१३ च्या आधीच्या उपआवृत्तीवर राहिलेल्यांना ॲड-ऑन बंद पडण्याचा धोका होता.

संदर्भ शोधणे, ईमेल पाहणे आणि ग्राहकांना मुद्रिते पाठवणे एवढ्यासाठी मी हा ब्राउझर निःशंकपणे सुचवीन. बँकेचे व्यवहार मात्र आम्ही शेजारच्या लॅपटॉपवर करतो, कारण विंडोज ७ ची सशुल्क मुदतवाढसुद्धा १० जानेवारी २०२३ रोजी संपली आणि खालची जमीनच भुसभुशीत असताना वरचे दार कितीही मजबूत असले तरी त्यावर पैशांची जोखीम घेण्याची माझी तयारी नाही.