काट्यावर बरोबर १.१३ किलो

आकडा आधी लिहून टाकतो: ४३,५०० रुपये, एका सेकंडहँड लॅपटॉपचे, ज्यात मी फसलो. घरी मी ३८,००० सांगितले होते, तेही आता यातूनच कळेल. कळू द्या. वर बॅग ८५० ची. एकूण ४४,३५०. नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानात हे पैसे मी स्वतःच्या हातानं मोजून दिले, पाचशेच्या उलट्या लागलेल्या नोटा सरळ करून दिले.

आणि मी कोण? जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका झालेला माणूस, नामतालिकेवरचा, म्हणजे सहकारी संस्था तपासायच्या सरकारी यादीवरचा लेखापरीक्षक. बावीस वर्षं पतसंस्थांची दप्तरं तपासतो आहे. कीर्द आणि हातातली शिल्लक यांत बारा रुपयांचा फरक निघाला तर व्यवस्थापकाला जेवायला उठू देत नाही. नात्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला सोबत नेतात. त्यामुळे हे स्वतःच्या नावानिशी लिहायची हिंमत नाही.

माझा आधीचा लॅपटॉप १५.६ इंची. नुसता २.३ किलो, चार्जरची वीट धरली तर पावणेतीनच्या वर. मार्च संपला की आमची धावपळ सुरू, ३१ जुलैच्या आत लेखापरीक्षणं पुरी करायची असतात. म्हणजे भर उन्हाळ्यात, पारा ४५ च्या घरात असताना, गणेशपेठच्या स्टँडवरून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. एसटीत जागा मिळाली तर ओझं मांडीवर, नाही मिळाली तर खांद्यावर. एप्रिलमध्ये मान धरली ती सुटेचना. डॉक्टर म्हणाले, खांद्यावरचं वजन कमी करा. म्हणून हलका घ्यायचं ठरलं. हौस म्हणून नाही घेतला, एवढं नोंदवून ठेवा.

दोन आठवडे रात्री बारापर्यंत व्हिडिओ पाहिले. मॅकबुक एअर सव्वा किलोच्या आसपास, बॅटरीला उत्तम, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला विंडोज लागतं आणि मला टॅली. नवे हलके विंडोजवाले मला हवे तसे ऐंशी हजारांच्या खाली दिसेनात. म्हणून जुन्यातला लेनोवोचा थिंकपॅड एक्स१ कार्बन, जेन ९, म्हणजे नववी आवृत्ती. मॉडेल २०२१ चं, अकराव्या पिढीचा प्रोसेसर, १४ इंची पडदा, वजन १.१३ किलोपासून. चार्जिंग टाइप-सीनं, म्हणजे वीटही सुटली. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून असे लॉटनं काढतात, ते पुढे बाजारात येतात. धंदा खरा आहे आणि तो सरळ करणारी दुकानंही आहेत. त्यात स्टिकर बदलून माल खपवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. म्हणूनच तर अभ्यास करून गेलो होतो.

दुकानाच्या काउंटरवर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा होता, किराण्याच्या दुकानात असतो तसा. लॅपटॉपच्या दुकानात काटा! मला तर कौतुकच वाटलं. मी काही विचारायच्या आत त्यानं लॅपटॉप त्यावर ठेवला. १.१३५. "भाऊ, माझ्यावर काहून भरोसा ठेवता? तुम्ही स्वतःच पाहून घ्या ना." हे वाक्य त्यानं अर्ध्या तासात चारदा तरी म्हटलं. मग खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर माझ्याच मोबाइलवरून कंपनीच्याच साइटवर टाकायला लावला. उत्तर आलं, एक्स१ कार्बन जेन ९. मग विंडोजच्या सेटिंगमधलं सिस्टीमचं पान उघडून दिलं. कोअर आय-फाइव्ह ११३५जी७, रॅम १६ जीबी. तीन पुरावे, तिन्ही मी माझ्या डोळ्यांनी तपासलेले. फक्त कोणता कागद तपासायचा हे ज्याचं दप्तर तोच ठरवत होता. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, व्यवस्थापकानं आपणहून काढून दिलेली फाइल सगळ्यात शेवटी बघा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती.

मी जेवढे व्हिडिओ पाहिले होते त्या सगळ्यांत जेन ९ चा बोटाचा ठसा पॉवर बटनावरच घेतला जातो. वेगळी जागा नसते. माझ्यासमोरच्या मशीनवर टचपॅडच्या उजवीकडे एक छोटा काळा चौकोन होता, ठसा घ्यायचा. मी तो पाहिला. नुसता पाहिला नाही, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलंसुद्धा, "हे पॉवर बटनात असते ना हो?" तो एक क्षणही थांबला नाही. "ते इंडियातलं, भाऊ. हा बाहेरच्या कंपनीचा लॉट आहे, त्यायची ऑर्डर वेगळी राह्यते." आणि मी म्हणालो, "अच्छा."

अच्छा! बावीस वर्षांत एकाही व्यवस्थापकाच्या पहिल्या उत्तरावर मी अच्छा म्हटलेलं नाही.

पडद्याखाली जाड काळी पट्टी होती, तीही दिसली होती. जेन ९ चा पडदा उंच असतो, १६:१०, म्हणजे १९२० बाय १२००. एक्सेलमध्ये चार ओळी जास्त दिसतात म्हणून तर मला तो हवा होता. हा १९२० बाय १०८० चा, जुना रुंद प्रकार. सेटिंगचं डिस्प्लेचं पान उघडलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं. नाही उघडलं. का, याचा विचार करकरून थकलो आहे. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यानं बर्फ टाकून उसाचा रस मागवला होता. आणि त्याच वेळी मी भाव ४५,००० वरून ४३,५०० वर आणला होता, तर दीड हजार सुटल्याचा आनंद डोक्यात भरलेला. कमी करताना त्यानं तोंड इतकं वाकडं केलं की मलाच त्याची दया आली. त्या मशीनची खरी किंमत नंतर दोन ठिकाणी विचारली, पंधरा-सोळा हजार सांगितली.

पैशांचंही ऐका. ३,५०० यूपीआयनं घेतले, बाकीचे ४०,००० रोख. यूपीआयवर दुकानाचं नाव आलं नाही, कुण्या बाईंचं आलं. "वहिनीचं खातं आहे." पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, १८ टक्के जीएसटी वर लागेल. म्हणजे ७,८३०. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला नियम ३२(५) प्रमाणे नुसत्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर लागतो, पूर्ण किमतीवर लागत नाही, हे मी लोकांना समजावून सांगतो. रोखीनं दहा हजारांच्या वर दिले तर घसाराही, म्हणजे वस्तूच्या झिजेची करातली वजावट, मिळत नाही, हेही मीच सांगतो. तरी गप्प बसलो. ७,८३० वाचत होते ना! हातात चिटोरा पडला: "१ लॅपटॉप – ४३,५००." मॉडेल नाही, सिरीयल नाही, सही नाही. पक्क्या बिलाला जो नाही म्हणतो त्याच्या दुकानातून रस न पिता उठा.

चौथ्या दिवशी ब्रह्मपुरी. सात तास चालेल म्हणाला होता ती बॅटरी सव्वा तासात गेली, आणि जाताना ३४ टक्के दाखवत गेली. संस्थेचा शिपाई पळत एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आला. त्या रात्री परतलो तो सरळ भाच्याकडे, मानेवाडा रोडला. त्यानं झाकण उघडलं आणि म्हणाला, "मामाजी, हा जेन ९ कोण म्हणे तुम्हाला?" पोराला ठशाचा चौकोन बघूनच कळलं.

मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, एंटर आणि मग एफ१ दाबून बायोस उघडलं, म्हणजे विंडोजच्याही आधीचं, मशीनचं स्वतःचं माहितीचं पान. टाइप नंबर २०एचआर. म्हणजे जेन ५, २०१७ चं मॉडेल. जेन ९ चा नंबर २०एक्सडब्ल्यू किंवा २०एक्सएक्सनं सुरू होतो. प्रोसेसर आय-फाइव्ह ७२००यू, सातव्या पिढीचा. सिरीयल नंबरही वेगळाच, खालचं स्टिकर दुसऱ्याच कुठल्या खऱ्या जेन ९ वरून छापलेलं. साइटनं मला खरं तेच सांगितलं होतं, फक्त दुसऱ्या मशीनबद्दल. आणि विंडोजच्या पानावर दिसणारं प्रोसेसरचं नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतून वाचलं जातं. मशीन सुरू झालं की एक फाइल गुपचूप चालून तिथं खोटं नाव लिहून ठेवत होती. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर प्रोसेसरलाच विचारतं, त्यात लगेच उघडं पडलं. पेनड्राइव्हवर टाकून न्या. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर प्रश्नच मिटला.

सातव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठवीपासून पुढे चालतं. इथे ते जबरदस्तीनं बसवलेलं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. म्हणजे पतसंस्थांच्या ठेवीदारांची माहिती मी असल्या मशीनवर घेऊन हिंडणार होतो. मग भाच्यानं कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅटरी रिपोर्ट काढला, कमांड पॉवरसीएफजीची आहे, कुणालाही जमते. मूळ क्षमता ५७ वॅट-अवर, उरलेली १८. चार्जिंगच्या फेऱ्या ९११.

रॅम मात्र १६ जीबी खरी निघाली. आणि वजन. जेन ५ सुद्धा १.१३ किलोचाच असतो! काटा उगाच नव्हता ठेवला तिथं.

दुकानात गेलो तर रस वगैरे नाही. "भाऊ, तुम्ही आतलं बदलून आणलं." मदरबोर्ड, पडदा, ठशाची जागा, सगळं मी चार दिवसांत ब्रह्मपुरीला जाऊन बदललं! मग आवाज खाली आणून म्हणाला, परत घेतो, १४,००० देतो. नाहीतर वर ९,००० टाका, दुसरा देतो. मी चिटोरा दाखवला. त्यानं तो हातात घेतला, वाचला, आणि म्हणाला, "यात लॅपटॉप लिहिलं आहे, लॅपटॉपच दिला." चिटोरा मी हिसकावून परत घेतला. तेवढंच एक काम शहाणपणाचं झालं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी तीन तास बाकड्यावर. तिसऱ्या दिवशी भेटलेल्या हवालदारानं लॅपटॉप उघडून बघितला आणि विचारलं, "चालू तर आहे ना? मग फसवणूक कशी काय?" मी म्हटलं, समजा तुम्हाला २०२१ ची म्हणून २०१७ ची गाडी विकली तर? तर म्हणे गाडीचं आरसी राह्यते, याचं काय आहे? मी बायोस दाखवलं. तो म्हणाला, हे इंग्रजी आहे. जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, १ जुलै २०२४ पासून, हे मी त्यांना सांगितलं. ते सांगायला नको होतं. "तुम्ही वकील आहात का?" त्यानंतर मला कुणी बसासुद्धा म्हणालं नाही. हे दिवाणी आहे, कोर्टात जा. अर्ज देतो म्हटलं तर ठेवून जा. पोच द्या म्हटलं तर शिक्का साहेबांकडे, साहेब बंदोबस्तात.

तिथून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, यूपीआय आहे म्हणून. तिथले म्हणाले, ३,५०० तुम्ही स्वखुशीनं पाठवले, ओटीपी कुणी चोरला नाही, आमच्यात बसत नाही. आणि ४०,०००? ते रोख, ते ठाण्याचं. पुन्हा ठाणं. व्यापाऱ्यांच्या संघटनेत गेलो, तिथं चहा मिळाला आणि सांगण्यात आलं की तो आमचा सभासद नाही. आणखी एका टेबलावर तर मला सुनावलं की लॅपटॉप धंद्यासाठी घेतला, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. साफ चूक! स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून करायच्या कामाला घेतलेली वस्तू असेल तर माणूस ग्राहकच असतो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) मध्येच तसं लिहिलं आहे. तुम्हालाही असं कुणी म्हटलं तर खुर्चीवरून उठू नका. या फेऱ्यांत माझे पाच दिवस गेले, म्हणजे दोन संस्थांची कामं. पाच दिवसांत एकाही माणसानं त्या दुकानदाराला साधा फोन लावला नाही. एक फोन! मी नंबर देत होतो. प्रत्येक ठिकाणी चौकशी झाली ती माझी: रोख काहून दिले, बिल काहून नाही घेतलं, एवढे शिकलेले ना तुम्ही. हे तर घरी फुकट ऐकायला मिळालं असतं.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत चिटोरा, यूपीआयची पावती, बायोसचे फोटो, खालच्या स्टिकरचा फोटो. विकत घेतानाचा व्हिडिओ असता तर! तुम्ही काढा. मोबाइल खिशात ठेवून काय उपयोग. आणि बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी करवून घ्या, मॉडेल, पिढी, सिरीयल, वॉरंटी, सगळं. त्यानं मला सगळं तोंडी सांगितलं, फोनवर नुसता "या ना भाऊ" एवढाच मेसेज आहे.

तारीख अजून पडलेली नाही. तोवर जुनाच २.३ किलोवाला घेऊन हिंडतो आहे, उद्या भिवापूर. दुकानदार त्याचे ४,००० देत होता एक्स्चेंजमध्ये. मी द्यायलाच निघालो होतो, हिनं तो त्या दिवशी कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे ठेवली, म्हणून वाचला. तिनं मला अजून एक शब्दही ऐकवलेला नाही. ३८,००० चं कळेपर्यंत.