मास्टर नॉबचे पहिले चार अंश: घरातला ट्यूब अँप, आठ महिन्यांनंतर

ऑगस्टमधल्या एका रात्री पावणेदहाला माझ्या गिटारच्या अँपचा, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीचा, मास्टर व्हॉल्यूमचा (एकूण आवाजाचा) नॉब नखभर खाली आणायला गेले, तर स्पीकरमधून खर्रकन आवाज आला आणि गिटारचा आवाज एकदम दुप्पट झाला. आतल्या खोलीत झोपलेली लेक दचकून रडत उठली. खालच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मी अँप बंद केला आणि तिला थोपटत बसले. त्या रात्रीनंतरचे दोन महिने मी या एका नॉबच्या मागे लागले होते, म्हणून हा अनुभव जवळपास सगळा त्या नॉबचाच आहे.

अँप गुढीपाडव्याला घेतला. ५ वॅट, आउटपुटला एक ईएल८४ (स्पीकरला जोर देणारी काचेची ट्यूब), त्याआधी १२एएक्स७ (सूर आधी मोठा करणारी छोटी ट्यूब), दहा इंची स्पीकर, मागे इफेक्ट्स लूप (मध्येच पेडल वगैरे जोडायची जागा). हा वर्ग गिटार वाजवणाऱ्यांना पाठ असतो, त्यामुळे वैशिष्ट्यांची यादी देत नाही. रूप छान आहे, वजन एका हातात उचलण्याइतकं आहे, क्लीन चॅनल (न फाटलेला आवाज) गोड आहे. बँकेची नोकरी, स्वयंपाक, लेकीचा अभ्यास हे सगळं आटपून मला सव्वानऊ ते दहा एवढा वेळ मिळतो. पुण्यातला फ्लॅट, वर-खाली-शेजारी माणसं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि तिथली रात्र दहाला सुरू होते. दहाच्या ठोक्याला मी थांबते ते नियमापेक्षा खालच्या काकूंसाठी, पण आकडा डोक्यात असतो.

आता हिशेब सांगते, कारण तो कळायला मला तीन महिने लागले. माझ्या स्पीकरच्या कागदावर ९५ डेसिबल लिहिलंय. म्हणजे १ वॅट दिला की एक मीटरवर ९५ डेसिबल. लेक झोपलेली असताना मला हवा असतो ६५ च्या आसपासचा आवाज. दर १० डेसिबल खाली यायला पॉवर दहापट कमी करावी लागते. ३० डेसिबल खाली म्हणजे हजारावा भाग. मी घरात वाजवते ते एका मिलिवॅटवर! पाच वॅटच्या अँपचा पाच हजारावा हिस्सा. म्हणून "घरासाठी कमी वॅटचा घ्या" हा सल्ला ऐकला की मला आता राहवत नाही. पन्नासच्या जागी पाच वॅट घेतला तर फरक पडतो १० डेसिबलचा, म्हणजे कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, एवढंच. बॉस कंपनीच्या कटाना ५० या अँपला अर्ध्या वॅटची सेटिंग आहे, ती उपयोगी आहेच, पण अर्धा वॅटसुद्धा माझ्या गरजेच्या पाचशेपट होतो. तिथेही शेवटी नॉबच कामाला येतो.

पॉवर पाच हजारपट कमी म्हणजे व्होल्टेज साधारण सत्तरपट कमी. नॉब एकूण तीनशे अंशांत फिरतो. आतला पॉट (नॉबखालचा, फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लिनिअर, म्हणजे फिरवण्याच्या समप्रमाणात वाढणारा, असेल तर सत्तरावा हिस्सा येतो चार अंशांवर. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, त्याहूनही कमी. माझं रोजचं सगळं वाजवणं या चार अंशांत चाललं होतं. बोटाला घाम असला तरी आवाज बदलायचा. लॉग पॉट असता तर तेवढ्याच आवाजासाठी नॉब बराच जास्त फिरला असता, कारण कान गुणाकाराच्या पायऱ्यांनी ऐकतो आणि लॉग पॉट तसाच बनवलेला असतो. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या अँपच्या मास्टरला लिनिअर पॉट लावणं ही मला अजूनही न पटलेली गोष्ट आहे. दोन्ही पॉटच्या किमतीत म्हणावा असा फरकही नाही.

सुरुवातीला मात्र माझा सगळा राग ट्यूबवर होता. माझं पक्कं मत होतं की आउटपुट ट्यूब ढकलल्याशिवाय, म्हणजे जोरात चालवल्याशिवाय, टोन येतच नाही, आणि घरात ती ढकलता येत नाही म्हणून सगळं पातळ, माशी घोंगावल्यासारखं ऐकू येतं. बारा हजारांचा अॅटेन्युएटर (अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज उतरवणारी पेटी) घ्यायचं ठरवलं होतं. मे महिन्यात एका मित्राने त्याचा आठ दिवसांसाठी दिला. मास्टर निम्म्यावर, ईएल८४ छान तापलेली, आणि अॅटेन्युएटरने आवाज खोलीपुरता उतरवलेला. टोन तरीही पातळच. थोडा मऊ झाला, दाबल्यासारखा झाला, पण ज्या भरदारपणासाठी मी पैसे मोजायला निघाले होते तो काही आला नाही. मत तिथेच बदललं. पैसे वाचले, त्याचा आनंद आजही आहे.

दोष बराचसा माझ्या कानाचा होता, म्हणजे सगळ्यांच्याच कानाचा. बेल लॅब या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं: आवाज हळू झाला की खर्जाचे सूर मधल्या सुरांपेक्षा फार वेगाने हरवतात. हळू आवाजात १०० हर्ट्‌झचा सूर १००० हर्ट्‌झइतका ऐकू यायचा तर त्याला २० डेसिबलहून जास्त जोर लागतो, मोठ्या आवाजात ही दरी पुष्कळ कमी होते. गिटारची सगळ्यात जाड ई तार ८२ हर्ट्‌झला आहे. म्हणजे दुकानात मोठ्या आवाजात पसंत केलेली सेटिंग घरी तशीच ठेवली तर खालची निम्मी गिटार गायबच होते.

मग बेस वाढवला. तीन दिवसांत काकू जिन्यात भेटल्या. "अगं, तुझं वाजवणं ऐकू येत नाही गं, पण पलंगाला घुंघुं लागतं." त्यांचं बरोबर होतं. अँप फरशीवर होता आणि खर्ज स्लॅबमधून थेट त्यांच्याकडे उतरत होता. मला ऐकू येत नाही तो खर्ज त्यांना पाठीला लागत होता!

त्यावरचा उपाय फुकटात झाला. अँप उचलून लाकडी स्टुलावर ठेवला, स्टुलाखाली जुनी सतरंजी चार पदरी घडी करून घातली, आणि मागून एक पाट तिरका लावून स्पीकर माझ्या कानाकडे वळवला. मी समोर हातभर अंतरावर बसते. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. आधी मी तीन मीटरवर सोफ्यावर बसायचे, आता पाऊण मीटरवर. दोन वेळा निम्मं, १२ डेसिबल, आणि घरात बाकी कुणाला काही जास्त ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे गिटारच्या स्पीकरचा वरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. फरशीवरचा अँप माझ्या पोटऱ्यांना ट्रेबल ऐकवत होता आणि मी तो पुरत नाही म्हणून आणखी वाढवत होते. स्टुलावर आल्या दिवशी ट्रेबल सातवरून चारवर आणला. स्टूल कोपऱ्याजवळ, बाहेरच्या भिंतीला सरकवलं, तशी भिंतीमुळे खर्जालाही थोडी साथ मिळाली. काकूंना विचारलं, म्हणाल्या आता काही नाही.

गेन (सूर फाटवणारा नॉब) कमी करायला मन तयार होत नव्हतं, पण तेही केलं. हळू आवाजात जास्त गेन म्हणजे नुसता भुसा होतो, दोन स्वर एकत्र वाजवले की वेगळे कळतच नाहीत. आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. आवाज ६५ च्या खाली आला की तारांचा स्वतःचा, प्लगशिवायचा आवाज अँपशी भांडायला लागतो. पिक (तार छेडायची चकती) तारेवर आपटल्याची टिकटिक अँपच्या सुरावर चढते. मी जाड पिक सोडून मऊ घेतलं आणि ते थोडं तिरकं धरायला लागले, तेव्हा ती टिकटिक दबली. मोठ्या आवाजात स्पीकर तारांना हलवून सूर लांबवतो, तेही इथे होत नाही. साध्या कॉम्प्रेसर पेडलने (जोराचा आणि हळू सूर जवळपास एका पातळीला आणणाऱ्या) ती उणीव बरीच भरते. एवढं झाल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पहिल्यांदा अँपसमोर बसून घड्याळ बघायचं विसरले. एक साधा ई मायनर कॉर्ड छेडला आणि तो अंगावर आला. इतक्या हळू आवाजात.

चार अंशांचं दुखणं उरलंच होतं. त्यासाठी इफेक्ट्स लूपमध्ये एक डबी लावली: ॲल्युमिनियमचा छोटा डबा, १०० किलोओहमचा लॉग पॉट, दोन जॅक. तीनशे रुपयांच्या आत. अँपचा मास्टर तीनवर ठेवायचा आणि आवाज डबीने कमी-जास्त करायचा. ज्यांच्या अँपला लूप आहे त्यांनी आधी हेच करावं, अँप उघडायची गरज नाही.

मग पावसाळा लागला आणि जुलैत मास्टर फिरवला की खरखर सुरू झाली. डबीमुळे तो रोज फिरवावा लागत नव्हता म्हणून दुर्लक्ष केलं. ऑगस्टमध्ये डबीचा एक जॅक ढिला झाला, एका रात्रीपुरती ती काढून ठेवली, आणि नेमकी ती वर सांगितलेली रात्र उजाडली.

वॉरंटी एक वर्षाची. अँप रिक्षात घालून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेला. आठ दिवसांनी परत: "पॉट साफ केलाय, दमट हवेमुळे होतं." घरी चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी खरखर तशीच. पुन्हा नेला, पुन्हा साफ करून दिला, आणि या वेळी ८५० रुपयांचं बिल, कारण धूळ-ओलावा वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, साफ केलेला पॉट पाच दिवसांत पुन्हा कसा खरखरतो? उत्तर नाही. विचारलं, पॉट बदलून लॉग लावाल का? "कंपनीने जो दिलाय तोच लागणार." तिसऱ्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अँप चालू केला, नॉब एकदा सर्रकन शून्यापासून दहापर्यंत फिरवला, "ठीक आहे मॅडम" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. माझी चार अंशांची तक्रार त्याने पाव सेकंदात ओलांडली. राग आला तो याचा. ज्या जागी माझा अँप रोज जगतो ती जागा कुणी तपासूनच बघितली नाही.

शेवटी बुधवार पेठेत तापकीर गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. सत्तरीचे असतील. ते ट्यूबला व्हॉल्व्हच म्हणतात. ईएल८४ त्यांच्या हातून जुन्या रेडिओंत कितीदा गेलेली. त्यांनी क्लीनरची बाटली हातातच घेतली नाही. मीटर लावला पॉटवर आणि मला बोलावलं. "बघा ताई, इथे शून्य पाहिजे." मीटरवर पाऊण व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर दाब. पॉटच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर किंचित गळत होता. मागच्या बाजूला दीडशेहून जास्त व्होल्ट असतात, ते अडवून फक्त सूर पुढे सोडायचा हे त्याचं काम. तो गळला की पॉटवर डीसी येतो आणि पॉट कितीही साफ करा, फिरवला की खरखरणारच. शिवाय माझ्या अँपमध्ये पॉटमधून सूर सरळ ईएल८४ च्या ग्रिडला (ट्यूबचा करंट कमी-जास्त करणाऱ्या टोकाला) जातो, म्हणजे ती ट्यूबही इतके दिवस गरजेपेक्षा जास्त करंट ओढत होती. हा दोष वॉरंटीतला होता, स्वच्छ वॉरंटीतला.

काकांनी ०.०२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा नवा कपॅसिटर लावला. मग जुना पॉट काढून माझ्या तळहातावर ठेवला. मागे शिक्का होता बी१एम. हल्ली बाजारात येणाऱ्या बहुतेक पॉटवर बी म्हणजे लिनिअर आणि ए म्हणजे लॉग. नवा ए१एम लावला. कपॅसिटर ३०, पॉट ८०, मजुरी ४००. उरलेल्या वॉरंटीवर पाणी सोडलं, ते समजून-उमजून. कुणी हे घरी करायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही ट्यूब अँपच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतणारे व्होल्ट साठून राहतात. काकांनी आधी रेझिस्टर लावून ते उतरवले आणि मीटरवर खात्री केल्याशिवाय आत बोट घातलं नाही.

त्या संध्याकाळी नॉब घड्याळातल्या आठच्या जागेवरून नऊच्या जागेपर्यंत सावकाश फिरवत गेले. आवाज दिव्याच्या वातीसारखा हळूहळू वर आला. कुठे उडी नाही, खरखर नाही. लेक शेजारी बसली होती, तिलाही फिरवायला दिला.

घ्यावा का असं कुणी विचारलं तर: फक्त रात्रीच वाजवणार असाल आणि दुरुस्तीला जवळ कुणी नसेल, तर डेस्कवरचा मॉडेलिंग अँप (ट्यूबच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) घ्या. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर काढला तो नेमक्या याच गरजेसाठी, आणि मित्राकडे तो मी ऐकलाय. हळू आवाजात माझ्यापेक्षा सहज भरदार वाटतो. घरी इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्यूब अँप लाइट गेल्यावर जोरात गुणगुणतो, तेही धरून चला. मी माझा विकणार नाही. पिक जरा जोरात लागलं की तो जसं उत्तर देतो तसं मला दुसरीकडे मिळालेलं नाही, आणि आता ते उत्तर रात्री पावणेदहालाही मिळतं.

जुना कपॅसिटर आणि पॉट काडेपेटीत घालून ठेवलेत. काकांनी मीटरचं रीडिंग लिहून दिलंय, त्याचा फोटो जोडून कंपनीला ८५० रुपये परत मागणारं तिसरं पत्र मागच्या सोमवारी पाठवलं. उत्तर आलं की खाली जोडेन.