माझाच गेम झाला

बेचाळीस वर्षांचा माणूस एका गेमपायी फसला, हे लिहायला लाज वाटते. तरी लिहितोय, कारण मला फसवणाऱ्या माणसाने तांत्रिक बाबतीत एकही वाक्य खोटं सांगितलं नव्हतं. खोटं असतं तर मी पकडलं असतं. कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं मला, आणि तेच नडलं.

गेम म्हणजे 'रिचर्ड बर्न्स रॅली', २००४ सालचा. रॅली म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: इथे गोल ट्रॅकवर चढाओढ नसते. जंगलातला, घाटातला, बर्फातला रस्ता, गाडीत चालक आणि शेजारी वळणं वाचून दाखवणारा जोडीदार, आणि समोर फक्त घड्याळ. बर्न्स हा इंग्लंडचा खराखुरा ड्रायव्हर. २५ नोव्हेंबर २००१ ला सुबारू इम्प्रेझा चालवून तो जगज्जेता झाला आणि बरोबर चार वर्षांनी, २५ नोव्हेंबर २००५ ला, मेंदूतल्या गाठीने वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. गेममध्ये शेजारून ऐकू येणारा आवाज त्याचा खरा सहचालक रॉबर्ट रीड याचा आहे. गाडी इतकी खरी वागते की पहिल्या वळणावरच माणूस झाडात जातो. आम्ही नाशिकचे, रॅली ऑफ महाराष्ट्रच्या गाड्यांची धूळ खाल्लेले, त्यामुळे हे वेड जुनंच.

मूळ सीडी मी पुण्यात नोकरीला असताना घेतली. मग जुन्या बाजारातून लॉजिटेकचं जी२५ स्टीअरिंग आणलं, क्लच आणि गिअरसकट. जुन्या मशीनवर, विंडोज १० टाकण्याआधी, सगळं छान चालायचं; नंतर खेळणं थांबलं. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीतच बसत नव्हता. दिवाळीच्या बोनसमध्ये नवं मशीन घेतलं. मुलीच्या अभ्यासासाठी, असं घरात सांगितलं होतं.

नव्या मशीनवर सीडी काही चालेना. त्या काळातल्या पुष्कळ गेमच्या सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, आणि ते उघडायला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर, म्हणजे यंत्रणेच्या आत बसणारा छोटा प्रोग्राम, लागायचा. हा ड्रायव्हर म्हणजे घराचं मागचं दार उघडं ठेवण्यासारखं आहे, हे लक्षात आल्यावर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो काढूनच टाकला आणि त्याच सप्टेंबरात जुन्या विंडोजवरही अपडेट देऊन बंद केला. म्हणजे पैसे मोजून घेतलेली अस्सल सीडी हातात, आणि किल्ली कंपनीने विहिरीत टाकलेली.

दोन रात्री घालवल्या. तिसऱ्या रात्री एका मेसेजिंग ग्रुपवर जाहिरात दिसली: जुने रेसिंग सिम, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायचे गेम, विंडोज ११ वर, स्टीअरिंग सेटिंगसकट, रिमोटवरून बसवून मिळतील, १,८०० रुपये. खाली खूश गिऱ्हाइकांचे फोटो. मेसेज टाकला, पाच मिनिटांत फोन.

"दादा, जी२५ आहे ना? मग टेन्शनच नाही. कोअर आयसोलेशन चालू असेल तुमचं, म्हणून जुने ड्रायव्हर अडतायत."

अस्सल मराठी, तेही आमच्याच बाजूचं. आणि बोलत होता ते बरोबर होतं. विंडोज ११ च्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षा जुन्या ड्रायव्हरना अडवते, हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. त्याने सेफडिस्कचाही विषय काढला, २०१५ च्या अपडेटसकट. मी मनात म्हटलं, मिळाला बाबा एकदाचा जाणकार.

पैसे आधी. यूपीआयवर नाव आलं ते भलत्याच कुणाचं, एका बाईचं. "वहिनीचं खातं आहे दादा, माझं लिमिट संपलं." इथे थांबायला हवं होतं. नाही थांबलो.

मग त्याने रिमोटचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, नऊ आकडी नंबर विचारला, आणि माझ्या टेबलावरचा माऊस आपोआप फिरायला लागला. पुढचा तासभर मी मांडी घालून बघत बसलो, चहा पीत. त्याने मेमरी इंटिग्रिटी बंद केली. विंडोजचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद केला. "नो-सीडी फाईलला तो व्हायरस समजतो, उडवून टाकतो," म्हणाला. हेही खरं आहे, सीडीशिवाय गेम चालवणाऱ्या अशा फायलींवर अँटिव्हायरस बोंब मारतोच. मग एक झिप फाईल उतरवली, पासवर्ड लावलेली. पासवर्ड कशाला, विचारलं. "आमचं पॅक लोक चोरतात ना, म्हणून." खरं कारण मला नंतर कळलं: पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही.

मधेच म्हणाला, "दादा, स्टीमला लॉगिन करा जरा, दुसऱ्या गेममध्ये स्टीअरिंग पूर्ण ९०० अंश फिरतंय का बघू." मी केलं; स्टीम म्हणजे गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान. ब्राउझर उघडाच होता, त्यात मेल चालू, सगळे पासवर्ड जतन केलेले. स्क्रीन दोनदा काळी झाली. "ड्रायव्हर बसतोय," म्हणाला. ड्रायव्हर बसताना स्क्रीन काळी होतेच की!

आणि गेम चालला. सांगायची मुख्य गोष्ट हीच. गेम झकास चालला. स्टीअरिंगला हिसके येत होते, रीडचा आवाज आला, मी फिनलंडच्या पहिल्याच उंचवट्यावर गाडी उडवून झाडात घातली आणि लहान मुलासारखा हसलो. "रिव्ह्यूसाठी एक फोटो टाका ना दादा," म्हणाला. टाकला, टेबल, स्टीअरिंग, स्क्रीन सगळं दिसेल असा. फसवणूक म्हणजे पैसे घेऊन पळून जाणं, असं आपल्या डोक्यात असतं. ज्याने काम चोख करून दिलं त्याच्यावर संशय घ्यायचा कसा?

तिसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन. "मामा, पोचले का पैसे? आणि तुम्ही आहात कुठे, ठीक ना?" रात्री माझ्या इन्स्टाग्रामवरून त्याला मेसेज गेला होता: गाडी बंद पडलीय, फोन बिघडलाय, या क्यूआरवर चार हजार टाक. पोराने होस्टेलच्या खर्चातले टाकले. मी मेल उघडायला गेलो तर पासवर्ड चालेना. स्टीमवर दुसऱ्याच कुणाचा मेल जोडलेला. दहा वर्षांत जमवलेले साठेक गेम त्या खात्यात होते. ओटीपी कुठेच मागितला गेला नव्हता, कारण त्या झिपमध्ये लपवलेल्या चोर प्रोग्रामने पासवर्डांबरोबर ब्राउझरमधली कुकी उचलली होती. आपण आधीच आत शिरलेलो आहोत, ही वेबसाइटची ओळखचिठ्ठी असते ती. ती हातात असली की दारावर कुणी नाव विचारत नाही.

मग मी आणखी एक मूर्खपणा केला. मेल कसाबसा परत मिळवला आणि त्याच मशीनवर बसून एकेक पासवर्ड बदलत सुटलो. अर्ध्या तासात नवेही गेले. चोर घरात बसलेला, आणि मी त्याच्यासमोर नवी कुलपं लावत होतो. बायकोने येऊन सरळ राउटरचं बटण बंद केलं. "आधी वायर काढ, मग रड," एवढंच म्हणाली. मग तिच्या फोनवरून सगळे पासवर्ड बदलले, प्रत्येक खात्यात 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' दाबलं, बँकेला कळवलं. शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बनवून विंडोज कोरं टाकलं. डिस्क पूर्ण पुसून, नुसतं अनइन्स्टॉल करून नव्हे.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवली, भाच्यालाही त्याच्या नावाने करायला लावली. व्यवहाराचा नंबर, वेळ, स्क्रीनशॉट, सगळं हाताशी ठेवा. माझे अर्धे मेसेज त्या भामट्याने त्याच्या बाजूने पुसले होते. चार हजारांतले अडीच पुढच्या खात्यात गोठवले आहेत म्हणून कळलं, परत अजून आलेले नाहीत. स्टीमचं खातं मात्र जुन्या खरेदीच्या पावत्या दाखवल्यावर आठवड्याभरात मिळालं. पंधरा दिवसांनी 'सायबर विभागातून' म्हणून एकाचा फोन आला, तुमची रक्कम सुटली आहे, क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. त्याला मात्र मी मनसोक्त शिव्या दिल्या, राग कुणावर तरी काढायचाच होता.

सगळ्यात जास्त झोंबलं ते पुढेच. त्याने जे पॅक बसवलं होतं ते त्याचं नव्हतंच. रॅलीसिमफॅन्स नावाने हंगेरीतल्या रॅलीवेड्यांनी हा वीस वर्षांचा गेम जिवंत ठेवलाय, शेकडो नव्या स्टेजेससकट, म्हणजे रॅलीच्या रस्त्यांसकट, नव्या विंडोजवर चालणारा आणि फुकट. त्यावर स्वतःचं बोधचिन्ह चिकटवून, आत चोर भरून, १,८०० ला विकलं मला. आता तोच गेम मी त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेऊन खेळतो. डिफेंडर चालू आहे आणि स्टीअरिंगही फिरतंय.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तीच जाहिरात दिसली. नाव नवीन, नंबर नवीन, भाव २,२०० झालाय. तक्रार केलीय, बघू. तिच्या खाली खूश गिऱ्हाइकांचे चार फोटो आहेत. तिसऱ्या फोटोत जी२५ आहे, मागे खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला निळा टॉवेल आहे. तो टॉवेल आमचा आहे.