प्रोटॉन मेल: बरेच महिने वापरल्यावर

प्रोटॉन मेल ही मेलचा मजकूर एन्क्रिप्ट करून, म्हणजे कंपनीलाही वाचता येणार नाही असा कुलूपबंद करून ठेवणारी ईमेल सेवा. रोजच्या वापराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मेल येतात-जातात, ॲप नीट चालतं. पण अशी सेवा घेणाऱ्याला खरा प्रश्न वेगळाच पडलेला असतो: सरकारी आदेश आला की कंपनी काय करते?

माहिती देते. कंपनी स्वित्झर्लंडची, त्यामुळे परदेशी पोलिसांना थेट काही मिळत नाही. पण तीच मागणी स्विस यंत्रणेमार्फत आली की कायदा पाळावाच लागतो. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या प्रकरणात आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) असाच नोंदवून द्यावा लागला. तोवर साइटवर आयपी नोंदी ठेवत नसल्याची जाहिरात होती; नंतर ती भाषा सौम्य झाली. आदेश पाळला याचा मला राग नाही, आधीच्या जाहिरातीचा आहे.

२०२४ मधलं स्पेनचं प्रकरण जास्त शिकवणारं. तिथे प्रोटॉनकडून मिळाला तो फक्त रिकव्हरी ईमेल, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी दिलेला दुसरा पत्ता. तो ॲपलचा होता, मग पुढची माहिती ॲपलकडून निघाली. मेलचा मजकूर दोन्ही वेळा सुरक्षित, कारण त्याची किल्ली कंपनीकडे नसतेच.

म्हणून मी रिकव्हरी ईमेल काढून टाकला आणि रिकव्हरी फ्रेज (खातं आणि जुने मेल परत उघडून देणारे शब्द) कागदावर लिहून ठेवली. यात जोखीम आहे: पासवर्ड विसरलात आणि तो कागदही हरवला, तर जुने मेल कायमचे बंद. पैसे कार्डानेच भरतो, म्हणजे नाव तिथे आलंच. चालतं मला, मी जाहिरातवाल्यांपासून लपतोय, पोलिसांपासून नाही.

खटकणारी गोष्ट म्हणजे मेलचा विषय. तो एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकेल असा झाकला जात नाही, त्यामुळे आदेश आल्यास देता येतो. टुटा या अशाच दुसऱ्या मेल सेवेत तोही झाकलेला असतो. आणि समोरचा जीमेलवर असेल तर साध्या मेलची एक प्रत गूगलकडे असतेच, त्याला प्रोटॉन तरी काय करणार!

मुळात माहिती गोळाच न करणं हा पक्का उपाय. २०१६ मध्ये अमेरिकेत समन्स आलं तेव्हा सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे द्यायला खातं उघडल्याची आणि शेवटच्या जोडणीची तारीख, एवढंच होतं. २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस मुलवाड व्हीपीएनच्या (ग्राहकाचा आयपी पत्ता लपवणाऱ्या सेवेच्या) कार्यालयात झडतीला आले आणि हात हलवत परतले. ईमेलला ते जमत नाही. पत्ता, वेळ, कोणी कोणाला पाठवलं हे कुठेतरी उरतंच.

वर्गणी पुन्हा भरली आहे. विषयाच्या जागी आता फक्त 'कागदपत्रं' लिहितो, आणि खरंच नाजूक काही असेल तर मेल न करता सिग्नलवर पाठवतो.