चाळीस दिवसांची प्रार्थना वही: सकाळचं पान बरं, संध्याकाळचं पान खरं

नागपूरच्या सदरमध्ये रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात पुस्तकांचं टेबल लागतं. पवित्र शास्त्र, गीतांची पुस्तकं, वचनांची कॅलेंडरं यांच्या शेजारी सध्या एक वही ठेवलेली दिसते. चाळीस दिवस प्रार्थना करा आणि देवानं तुम्हाला कशासाठी घडवलं ते शोधा, असं मुखपृष्ठावर लिहिलंय. लहान आकार, ९६ पानं, मधोमध दोन पिना, किंमत १५० रुपये. प्रकाशकाचं नाव नाही. एखाद्या तरुण संघानं छापून घेतली असावी.

घ्यावी का? घ्यावी. पण ज्या पानांची जाहिरात होते ती पानं या वहीतली सगळ्यात कच्ची आहेत, आणि ज्यांच्याकडे छापणाऱ्यांनीच लक्ष दिलेलं नाही ती कामाची आहेत.

सुरुवातीची चार पानं प्रस्तावना आहे. नमनालाच घडाभर तेल. सरळ पहिल्या दिवसावर या. रोज दोन पानं. डावीकडे सकाळ: तारीख, एक छापील वचन, ‘देव आज मला काय सांगतो?’ हा प्रश्न आणि खाली १४ ओळी. उजवीकडे संध्याकाळ: ‘कशानं जीव भरला’, ‘कशानं जीव सुकला’, ‘उद्याचं एक पाऊल’ असे तीन चौकोन, प्रत्येकात दोनच ओळी. उरलेलं अर्धं पान कबुतराच्या एका चित्रानं खाल्लंय. दर सातव्या दिवसानंतर ‘मागे वळून वाचा’ अशी दोन कोरी पानं, आणि शेवटी ४० व्या दिवसानंतर ‘माझ्या जीवनाचा हेतू एका वाक्यात’ यासाठी सोनेरी चौकट.

आधी सकाळचं बघू. १४ ओळी दिल्या की माणूस १४ ओळी भरतो. देव काही बोलला असो वा नसो, पान भरायचं म्हणून स्वतःच्याच इच्छा सुवाच्य अक्षरात उतरतात आणि खाली ‘प्रभू म्हणाला’ असं लागतं. यावर उपाय म्हणजे १४ पैकी चारच ओळी वापरा आणि सकाळच्या २५ मिनिटांतली बरीचशी न लिहिता घालवा. पहिली दोन मिनिटं नुसतं बसायचं. मग उतारा मोठ्यानं, सावकाश, दोनदा वाचायचा; आठ-दहा वचनं पुरेत, याला पाच मिनिटं लागतात. जो शब्द अडला त्यावर दहा मिनिटं थांबायचं. तो का अडला, ते पाच मिनिटं देवाशी साध्या बोलीत बोलायचं, आणि उरलेल्या तीन मिनिटांत त्या चार ओळी. बाराव्या शतकात गीगो नावाच्या, कार्थूसियन या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठाधिपतींनी वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द सहवास अशा चार पायऱ्या मांडल्या होत्या. हा क्रम त्याच वळणाचा आहे. लिहिणं त्या चारांत नाही. ते नंतर आठवावं म्हणून.

छापील वचनांबद्दल तक्रार मोठी आहे. पहिल्या दिवशी यिर्मया २९:११ आहे: देवाचे संकल्प हिताचे, भविष्याची आशा देणारे. एकटं वचन वाचलं की ते नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. वरच्याच वचनात ७० वर्षं लागतील असं स्पष्ट म्हटलंय. पाचव्या ते सातव्या वचनांत तोवर काय करायचं तेही आलंय: घरं बांधा, बागा लावा, लेकरंबाळं वाढवा, ज्या नगरात नेलं त्याचं हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. हेतू शोधणाऱ्याला याहून नेमकं उत्तर कोणतं हवं? पण वहीनं नेमकं तेच कापून टाकलं. म्हणून पहिल्या दिवशी २९:१ ते १४ सलग वाचा.

नवव्या दिवशी गिदोनाची लोकर आहे: त्यानं रात्री लोकर पसरून, दव फक्त तिच्यावर पडावं अशी खूण देवाकडे मागितली (शास्ते ६:३६–४०). खाली सूचना: ‘तुम्हीही देवाकडे एक खूण मागा.’ ही सूचना काट मारून टाका. गिदोनाला काय करायचं ते त्याच अध्यायाच्या १४ व्या वचनात आधीच सांगितलेलं होतं. लोकर पसरली ती मार्ग कळावा म्हणून नाही, धीर होत नव्हता म्हणून. ‘सोमवारच्या आत फोन आला तर पुण्याची नोकरी, नाही आला तर इथली, मिहानमधली’ अशी अट देवाला घातली की निर्णय प्रार्थनेतून होत नाही, एचआरच्या कामाच्या वेगावर होतो. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं, हा त्याच खेळाचा दुसरा प्रकार. वहीत तो नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणता येईल.

जे उतारे असायला हवे होते ते नाहीत. त्यातला एक तर हवाच. मार्क १:३५–३८ मध्ये येशू पहाटे अंधारात उठून एकांती जाऊन प्रार्थना करतो. शिष्य शोधत येतात: सगळे तुला शोधताहेत. कफर्णहूमात रोगी आहेत, गर्दी आहे, मागणी आहे. आणि तो म्हणतो, आपण दुसऱ्या गावांत जाऊ. प्रार्थनेतून इथे नकार निघाला, तोही चांगल्या कामाला. हेतू म्हणजे काहीतरी नवं हाती लागणं, असं वहीचं पानन् पान धरून चालतं. काय सोडायचं हा प्रश्न एकदाही येत नाही. प्रेषितांची कृत्ये १६:६–१० ही जोडा. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगू दिलं नाही, बिथुनियातही जाऊ दिलं नाही. दोन दारं बंद झाल्यावर त्रोवसात मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टांत झाला. आणि त्या दृष्टांतावरून काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं, एकट्या पौलानं नाही. नवव्या दिवशी लोकरीऐवजी हा उतारा घ्यावा.

आता उजवं पान. खरा माल इथे आहे.

दिवस संपताना मागे वळून पाहायची शिस्त ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी तिला पाच पायऱ्यांत बसवलं. त्यांच्या साधनेच्या पुस्तिकेला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. आधी आभार, मग स्वतःला खरं पाहता यावं म्हणून कृपा मागणं, मग दिवस तासातासानं डोळ्यांखालून घालणं, मग क्षमा, शेवटी उद्याचा निश्चय. वहीत यातल्या पहिल्या दोन आणि क्षमेची पायरी गायब आहे. थेट ‘जीव भरला, जीव सुकला’वर उडी आहे. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पान मूडची डायरी होऊन बसतं. कबुतराच्या चित्राच्या जागेत ‘आभार’ आणि ‘क्षमा’ असे दोन शब्द हातानं लिहा, तिथे एकेक ओळ भरा. बिघाड दुरुस्त होतो. बारा मिनिटांच्या वर वेळ जात नाही.

काय लिहायचं, यावर सगळं अवलंबून आहे. ‘आज छान वाटलं, प्रभूचे उपकार’ या ओळीचा महिनाभरानं काडीचा उपयोग नाही. ‘दुपारी नव्या मुलाला टॅलीत जीएसटीच्या नोंदी समजावल्या, चहा थंड झाला तरी कळलं नाही’ ही ओळ उपयोगाची. तशीच ‘मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं, घरी येईपर्यंत तेच घोळवत बसले, प्रार्थनेत लक्ष नाही’ हीसुद्धा. कुठे, कोणाबरोबर, किती वाजता हे आलं की पुढे जुळवता येतं. आणि ‘जीव भरला’मध्ये मजेच्या गोष्टी टाकू नका. फुटाळा तलावावर मित्रांबरोबर भुट्टा खाताना बरं वाटतंच. विश्वास, आशा, प्रीती थोडी वाढली का आणि ते बरं वाटणं रात्रीपर्यंत टिकलं का, एवढंच विचारा.

साप्ताहिक कोरी पानं बहुतेक लोक कोरीच ठेवतात. काहून? तर वर कुठलीच सूचना नाही. त्या दिवशी नवं काही लिहू नका. अर्धा तास काढून मागचे सात दिवस वेगळ्या रंगाचं पेन घेऊन वाचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा. एकदा आलेली गोष्ट सोडून द्या. तीन आठवड्यांत चार-पाचदा आलेली गोष्ट, मग ती शिकवणं असो, आजाऱ्यांकडे बसणं असो किंवा हिशेब चोख ठेवणं असो, तिच्याकडे लक्ष द्या. ही पाच जोडपानं नीट भरली तर १५० रुपये वसूल.

एक नियम वहीत मोठ्या अक्षरांत हवा होता, तो नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला स्वतः लिहून ठेवा. मन कोरडं, अंधारलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. हाही इग्नेशियस यांचाच. चाळीस दिवसांत कोरडा आठवडा येतोच, बहुधा दोनदा. लोक तेव्हाच वही फेकतात, नाहीतर राजीनामा देतात. त्या दिवसांत प्रार्थना पाच मिनिटं वाढवायची, निर्णय मात्र होता तिथेच ठेवायचा. निर्णयावर घोडं अडलंच तर इग्नेशियस यांची आणखी एक युक्ती आहे: तुमच्याच अडचणीत असलेला एक अनोळखी माणूस समोर बसलाय अशी कल्पना करा, त्याला काय सल्ला द्याल ते लिहा आणि तोच स्वतः पाळा.

दुसरी उणीव म्हणजे माणूस. सगळी ९६ पानं ‘मी आणि देव’ यांच्यातच संपतात. यरुशलेमच्या मंडळीनं निर्णय कळवताना ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटलं’ अशी भाषा वापरली (प्रेषितांची कृत्ये १५:२८); त्या ‘आम्हाला’ला वहीत जागा नाही. दर पंधरवड्याला रेघा मारलेली साप्ताहिक पानं, रोजची नव्हे, पाळकसाहेबांना, फादरना किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईंना दाखवा. ज्यांचा तुमच्या निर्णयात स्वार्थ आहे त्यांना नको. मुलगा नागपुरातच राहावा असं वाटणाऱ्या आईला तर नकोच. आईची प्रार्थना मोठी, पण तिचं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

राहिली ती सोनेरी चौकट. एका वाक्यात हेतू. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले. ते मिशनरी होते, शाळा चालवत, इथल्या खडकांतले जीवाश्म गोळा करत आणि गोंडांची भाषा नि गाणी टिपून ठेवत. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळ ओढ्याला आलेल्या पुरात बुडून ते गेले, तेही तिथली जुनी शिळावर्तुळं उकरून पाहून परतताना. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं. या माणसानं त्या चौकटीत कुठलं एक वाक्य लिहिलं असतं? गंमत अशी की ते ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेत वाढले तिच्या १६४७ च्या लघु प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न माणसाच्या मुख्य हेतूचा आहे, आणि उत्तर सगळ्यांना एकच: देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. हेतू तिथे आधीच दिलेला आहे. शोधायचं ते आपल्या वाट्याचं काम, आणि ते आयुष्यात चार वेळा बदलू शकतं. चौकटीत ‘पुढच्या सहा महिन्यांत मी काय करणार आणि काय सोडणार’ अशा दोन ओळी लिहा. वही सार्थकी लागेल.

४० या आकड्याचाही बाऊ नको. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं नवा करार दिला, त्यानंतर बाप्तिस्म्यापर्यंत साधारण दोन वर्षं गेली. १८९५ मध्ये मुंबईत तो झाला. दिवस चुकला तर दोन दिवसांचं एकदम भरू नका. ते पान कोरं सोडा आणि पुढे चला.

कागद पातळ आहे. जेल पेनची शाई मागे उमटते, बॉलपेन चालतं. उन्हाळ्यात कूलरच्या झोताखाली वही ठेवली की पानं दमट होऊन फुगतात आणि तिसऱ्या आठवड्यात मधलं पान पिनांतून सुटतं. सीताबर्डीत एखाद्या बाइंडरकडून आधीच दोरा घालून घ्या. मे महिन्यात पहाटे पाचला गच्चीवर बसणं उत्तम. साडेसहानंतर ऊन सुचू देत नाही. सेमिनरी हिल्सवर जायचं तर तेही लवकरच, नंतर फिरणाऱ्यांची गर्दी होते.

१५० रुपये जड वाटत असतील तर २०० पानी वहीवर स्वतः रेघा मारा: सकाळला चार ओळी, संध्याकाळला दहा, सातव्या दिवसाला दोन पानं. आठवड्याभरात उत्तर द्यायचंच आहे अशांनी ही वही घेऊ नये, तेवढ्या वेळात काही जुळत नाही. आणि झोप उडालीय, अन्न जात नाही, जगावंसं वाटत नाही अशा अवस्थेत वहीआधी डॉक्टर, आणि त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगणं.

गटासाठी दहा-वीस प्रती घेणार असाल तर टेबलावरच प्रत्येक उघडून पाहा. काहींत २२ व्या आणि २३ व्या दिवसांची पानं उलटी लागली आहेत. मागितली की बदलून देतात.