डेकचा पट: सनबोर्डवर मांडावा की लॅपटॉपवर?

विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानं कुठे उभी करायची, कोणतं आधी सोडायचं, याचा हौशी सराव आम्ही पाच जण दर रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडला करतो. आधी पट होता, मग वर्षभर लॅपटॉप, आता पुन्हा पट. नवा गट जमवणारे हमखास विचारतात, म्हणून लिहितोय.

आमचा पट आयएनएस विक्रांतचा, १:२०० प्रमाणात. २६२ मीटरचं जहाज १३१ सेंटीमीटरच्या सनबोर्डवर येतं, म्हणजे जेवणाच्या टेबलावर मावतं. प्रत्येक मिग-२९के लढाऊ विमानाचे पुठ्ठ्याचे दोन तुकडे: पंख उघडलेला सहा सेंटीमीटर रुंद, मिटलेला चारच्याही आत. इंधन हवं असेल तर टाचणी, दुरुस्ती असेल तर सातपूरच्या वर्कशॉपमधून आणलेला नट. अमेरिकी जहाजांवर विमानांच्या जागा ठरवणारे डेक हँडलरही वर्षानुवर्षं नट आणि टाचण्यांनीच हा हिशेब ठेवत आले. त्या टेबलाला ते ‘ओइजा बोर्ड’ म्हणतात.

लॅपटॉपचे फायदे खरे आहेत. इंधनाचा हिशेब आपोआप होतो, चुकलेली चाल मागे घेता येते, अर्धा राहिलेला डाव पुढच्या रविवारी तसाच उघडतो.

मला खटकलं ते झूम. दोन पंखांमधली फट बघायची तर चित्र मोठं करावं लागतं, आणि मग उतरण्याची तिरकी पट्टी पडद्याबाहेर जाते. ही पट्टी पूर्ण मोकळीच लागते, कारण विमान थांबवायला डेकवर आडव्या ताणलेल्या तिन्ही वायरी उतरणाऱ्या विमानाच्या हुकाला चुकल्या तर त्याला तिथूनच पुन्हा उडायचं असतं. एकदा मी लिफ्टजवळ विमानं अगदी मन लावून रचली. माउस माझ्या हातात, बाकीचे चौघं पाठीमागे. एका विमानाचं नाक पट्टीच्या रेषेत शिरलं होतं, ते कुणालाच दिसलं नाही. उतरणारं विमान डोक्यावर आलं तेव्हा कळलं. पटावर समोर बसलेल्यानं तिथं लगेच बोट ठेवलं असतं.

दोघंच असाल किंवा वेगवेगळ्या गावांतून खेळत असाल, तर लॅपटॉप बरा पडेल बहुधा. तिघं झालात की मी तरी पटच मांडेन. कोपर लागून तो विस्कटायचा, हे खरं. आता सनबोर्डखाली लोखंडी पत्रा आणि तुकड्यांना चपटे चुंबक लावलेत. नटही त्यावर घट्ट बसतात.